जीन्स नक्की कोणाची : सोने शोधणाऱ्यांची, गुराख्यांची की सुट्टीवर आलेल्या श्रीमंतांची?

चौकस_सातारकर (धागाकर्ता)

जीन्सच्या इतिहासावर मराठीत जे काही वाचायला मिळते, त्यात एक कथा हमखास येते. कॅलिफोर्नियात सोने सापडले, लेव्ही स्ट्रॉस नावाचा व्यापारी तंबूचे कापड घेऊन तिथे पोहोचला, तंबूंना गिऱ्हाईक मिळेना म्हणून त्याने त्याच कापडाच्या विजारी शिवून खाणकामगारांना विकल्या आणि जीन्स जन्माला आली. ही कथा माझ्या पचनी पडत नाही, कारण सोने सापडले १८४८ च्या जानेवारीत आणि ज्या पेटंटला सगळे जण जीन्सचा जन्मदाखला मानतात ते १८७३ चे आहे. मधल्या पंचवीस वर्षांचा हिशेब कोणीच देत नाही.

माझा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ही विजार अमेरिकेत मुळात अंगमेहनत करणाऱ्यांची होती. मग ती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या, गृहिणींच्या आणि पुढे कार्यालयात जाणाऱ्यांच्या अंगावर कधी आणि कशी चढली? ‘मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन यांच्या चित्रपटांमुळे’ हे ठरावीक उत्तर मला ठाऊक आहे. पण दोन-चार चित्रपटांनी एका खंडप्राय देशाच्या पोशाखाच्या सवयी बदलल्या असतील, यावर विश्वास बसत नाही. जाणकारांनी सवडीने सविस्तर लिहावे. नुसते दुवे नकोत, विवेचन हवे.

जुनी_पाने

आपली शंका रास्त आहे. तंबूच्या कापडाची कथा ही निव्वळ आख्यायिका आहे, आणि ती का निर्माण झाली याचे कारणही सांगता येते.

लेव्ही स्ट्रॉस हा बव्हेरियातील बुटेनहाइम गावचा ज्यू तरुण सॅन फ्रान्सिस्कोत आला तो १८५३ साली, म्हणजे सोन्याची पहिली झुंबड ओसरू लागल्यावर. तो शिंपी नव्हता. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या भावांची कापडाची पेढी होती आणि तिची पश्चिम किनाऱ्यावरची शाखा चालवण्यासाठी तो आला होता. पुढली जवळजवळ वीस वर्षे त्याने तयार कपडे, अंतर्वस्त्रे, रुमाल, चादरी आणि कापडाचे तागे यांचा घाऊक व्यापार केला. त्या काळात त्याने स्वतः विजारी शिवल्याचा कोणताही विश्वसनीय पुरावा नाही.

विजारीची खरी कल्पना जेकब डेव्हिस या शिंप्याची. हा रीगा शहरात, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेला आणि फिरतफिरत नेवाडातील रीनो या नव्या रेल्वे-गावात येऊन स्थिरावलेला गृहस्थ तंबू, गाड्यांवरची आच्छादने आणि घोड्यांच्या झुली शिवत असे. १८७१ च्या सुमारास एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याच्याकडे नवऱ्यासाठी टिकाऊ विजार मागितली. नवरा धिप्पाड होता आणि त्याच्या विजारीचे खिसे सतत फाटत असत. डेव्हिसच्या बाकावर झुलींचे पट्टे ठोकण्यासाठी तांब्याच्या रिबिटी पडलेल्याच होत्या. त्याने त्या खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकल्या आणि ती विजार तीन डॉलरना विकली. हळूहळू मागणी वाढू लागली, तशी कोणीतरी नक्कल करील ही भीतीही वाढली. १८७२ च्या जुलैत त्याने कापड पुरवणाऱ्या स्ट्रॉसला पत्र लिहून पेटंटमध्ये भागीदारी देऊ केली. पेटंट कार्यालयाने आधी नकार दिला, कारण यादवी युद्धातील सैनिकांच्या बुटांना रिबिटी मारल्या जात होत्या आणि त्यामुळे ही कल्पना नवी नाही असे त्यांचे म्हणणे पडले. अर्जात दुरुस्त्या होत होत अखेर २० मे १८७३ रोजी क्रमांक १,३९,१२१ चे पेटंट मिळाले. ते विजारीचे नाही, कापडाचे तर नाहीच नाही. ते खिशांची तोंडे रिबिटींनी पक्की करण्याच्या रीतीचे आहे.

आता आख्यायिकेविषयी. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत जो आगडोंब उसळला, त्यात कंपनीची इमारत आणि तिच्यातील जुने दप्तर जळून गेले. स्ट्रॉस १९०२ मध्येच वारला होता. कागद नाहीत, माणूस नाही, आणि जाहिरातीसाठी एखादी सुरस कथा तर हवी. अशा वेळी १८७३ च्या रुक्ष पेटंटपेक्षा १८४९ चा सोन्याचा ध्यास केव्हाही अधिक मोहक ठरतो. त्या कथेत रीनोचा शिंपी मात्र साफ पुसला गेला, याचे मला वाईट वाटते.

या उजळ कथेला एक काळी किनारही आहे. १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा कायदा झाला आणि त्या दशकात कंपनी आपला माल केवळ गोऱ्या मजुरांनी तयार केलेला आहे अशी जाहिरात करत असे. २०२२ मध्ये एका जुन्या खाणीत सापडलेल्या त्या काळच्या विजारीचा न्यू मेक्सिकोत लिलाव झाला तेव्हा तिच्या आतल्या खिशावर हेच वाक्य छापलेले लोकांनी पाहिले. बोली ७६,००० डॉलरपर्यंत गेली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, निर्णायक काळ १९५० चे दशक नसून १९३० चे दशक आहे. महामंदीत गुरांचे भाव कोसळले आणि पश्चिमेकडील अनेक पशुपालकांनी उदरनिर्वाहासाठी आपल्या कुरणांवर पूर्वेकडील शहरी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. बोस्टन-न्यूयॉर्ककडची सधन कुटुंबे तिथे सुट्टीत घोड्यावर बसायला येत, आणि परतताना गुराख्यांची निळी विजार आठवण म्हणून घेऊन जात. ज्या कपड्याशी गरिबीचा संबंध होता त्याच्याशी प्रथमच हौसेचा संबंध जुळला. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने १९३४ मध्ये खास स्त्रियांसाठी जीन्स काढली, आणि पुढच्याच वर्षी ‘व्होग’ मासिकाने पश्चिमेकडील सुट्टीत काय ल्यावे याचे धडे देताना जीन्सला मानाचे पान दिले.

यात रीनोचा पुन्हा एकदा संबंध येतो आणि तो मोठा गमतीचा आहे. नेवाडाने १९३१ मध्ये घटस्फोटासाठी लागणारी वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली. न्यूयॉर्कसारख्या राज्यात घटस्फोट जवळपास दुरापास्त असल्यामुळे तिकडच्या श्रीमंत स्त्रिया रीनोजवळच्या कुरणांवर येऊन सहा आठवडे राहत. करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे त्या घोडे फिरवत, गप्पा मारत आणि दिवसभर जीन्समध्ये वावरत. जीन्स अमेरिकी स्त्रीच्या कपाटात शिरण्यात नटांच्या बरोबरीने नेवाडाच्या विधिमंडळाचाही वाटा आहे, असे मी म्हटले तर ती अगदीच अतिशयोक्ती ठरू नये.

धोटा

मी इचलकरंजीत यंत्रमागांच्या गराड्यात वाढलो आणि पुढे डेनिमच्या, म्हणजे जीन्सच्या कापडाच्या, कारखान्यात नोकरी केली, त्यामुळे मला या चर्चेत कापडाची बाजू मांडावीशी वाटते. जुनी_पाने यांनी रिबिटींचे श्रेय योग्य माणसाला दिले आहे, पण रिबिट मारलेली विजार दुसऱ्या कापडाची असती तर ती दीडशे वर्षे टिकली नसती. डेव्हिसची पहिली विजार पांढऱ्या जाड ‘डक’ कापडाची होती आणि कंपनी सुरुवातीला डक आणि डेनिम अशा दोन्ही कापडांत विजारी करत असे. त्यांपैकी डक मागे पडले आणि न्यू हॅम्पशरमधील अमॉस्केग गिरणीतून येणारे निळे डेनिम उरले. ही निवड गिऱ्हाइकांनी केली.

डेनिममध्ये ताणा, म्हणजे उभे सूत, निळीने रंगवलेला असतो आणि बाणा, म्हणजे आडवे सूत, पांढराच ठेवतात. वीण तिरकस असते. बहुधा तीन धागे वर आणि एक खाली अशी. त्यामुळे पृष्ठभागावर निळा ताणा दिसतो आणि आतल्या अंगाला पांढरेपणा येतो. आता निळीचा स्वभाव पाहा. ती पाण्यात विरघळत नाही. अल्कली आणि हायड्रोसल्फाइटच्या द्रावणात तिला उतरवले की ती पिवळट हिरवी होते, सूत त्यात बुडवून हवेत काढले की प्राणवायूच्या संपर्काने पुन्हा निळी होते. असे बुडवणे आणि वाळवणे अनेकदा करावे लागते, आणि तरीही रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. तो बाहेरच्या थरातच साचून राहतो. घासले की बाहेरचा थर झिजतो आणि आतला पांढरा गाभा उघडा पडतो. रंगाऱ्याच्या दृष्टीने हा पक्का रंग नव्हेच. पण याच उणिवेमुळे गुडघा, मांडी, खिशाची कड अशा ठिकाणी प्रत्येकाच्या चालण्या-बसण्याप्रमाणे वेगळी फिकट नक्षी उमटते. कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या दोन विजारी वर्षभरात एकमेकींपासून ओळखता येतात. हा गुण लोकरीच्या किंवा तागाच्या विजारीत नाही.

आटण्याचाही प्रश्न मोठा होता. कोरे डेनिम पहिल्या धुण्यात बरेच आटते, म्हणून लोक मोठ्या मापाची विजार घेत आणि पाण्यात भिजवून अंगावरच वाळवत. सॅनफोर्ड क्लूएट यांनी कापड आधीच आटवून घेण्याची यांत्रिक रीत काढली आणि १९३० च्या दशकात ती सर्वत्र पसरली. चेन त्यानंतरच सोयीची झाली, कारण कापड आटले की चेन वेडीवाकडी होते. ‘ली’ कंपनी चेनच्या बाबतीत सर्वांच्या पुढे होती. लेव्ही स्ट्रॉसच्या ‘५०१’ या जीन्सची बटणे मात्र तशीच राहिली, आणि पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांसाठी १९५४ मध्ये तिची चेनवाली आवृत्ती काढावी लागली.

निळीविषयी थोडेसे. १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडील निळीची निर्यात पुढच्या दोन दशकांत बसली. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा अमेरिकेतील डाऊ कंपनीने ती स्वतः तयार करायला घेतली. मुंबईच्या डोंगरीतले जाडेभरडे निळे कापड आणि रीनोतली विजार यांचे थेट नाते जोडणारे लेख मी वाचले आहेत. डोंगरीचे कापड खलाशांनी आणि मजुरांनी जगभर वापरले हे खरे, परंतु डेव्हिसच्या विजारीचे कापड अमेरिकेतच विणलेले होते. त्यामुळे या दोहोंचे नाते सांगायचे तर ते चुलत घराण्याचे सांगावे, बापलेकाचे नव्हे.

पाइडमॉन्टची_पाहुणी

मी उत्तर कॅरोलायनात राहते. इथून जवळच ग्रीन्सबरो आहे, जिथे मोझेस आणि सीझर कोन या बंधूंनी १८९६ मध्ये डेनिमची पहिली गिरणी सुरू केली आणि १९०५ मध्ये व्हाइट ओक ही दुसरी. लेव्ही स्ट्रॉस कंपनी १९१५ पासून कोन गिरण्यांचे कापड घेऊ लागली. व्हाइट ओक ही एके काळी जगातील सर्वांत मोठी डेनिम गिरणी मानली जात असे. २०१७ च्या अखेरीस ती बंद झाली. धोटा यांना रस वाटेल म्हणून सांगते, तिथे अखेरपर्यंत १९४० च्या दशकातले, आडवे सूत धोट्याने इकडून तिकडे नेणारे ‘ड्रेपर’ बनावटीचे माग लाकडी जमिनीवर चालत असत, आणि लाल धाग्याच्या किनारीचे अरुंद पन्ह्याचे कापड त्यांवरच निघे.

जुनी_पाने यांचे विवेचन मी आवडीने वाचले, मात्र त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. कुरणावर सहा आठवडे जीन्स घालणारी न्यूयॉर्कची स्त्री घरी परतल्यावर ती कपाटाच्या तळाशी ठेवत असे. सुट्टीचा पोशाख आणि रोजचा पोशाख यांत अंतर आहे, आणि लेव्ही स्ट्रॉसचा बराचसा माल दुसऱ्या महायुद्धापर्यंत मिसिसिपी नदीच्या पश्चिमेलाच खपत होता, हेही विसरता येत नाही. हे अंतर मिटवले ते युद्धाने आणि त्यानंतर वयात आलेल्या पिढीने. युद्धकाळात धातू आणि दोरा वाचवण्यासाठी विजारीवरच्या काही रिबिटी आणि पाठीमागचा पट्टा काढून टाकावा लागला, मागच्या खिशावरची दुहेरी कमानीची नक्षी शिवण्याऐवजी रंगवावी लागली. पण त्याच काळात गोदी-कारखान्यांत काम करणाऱ्या लक्षावधी स्त्रियांना विजारीची सवय झाली. नंतर सरकारी खर्चाने महाविद्यालयात शिकायला आलेल्या माजी सैनिकांनी खाकी विजारी घालून तिथल्या कोट-टायची शिस्त ढिली केली. मुलांच्या जीन्ससाठी वाट आधीच रुंद झाली होती.

चित्रपटांविषयी आपण सर्वांनी थोडे सबुरीने घ्यावे. ब्रँडोचा चित्रपट १९५३ चा, डीनचा १९५५ चा. त्यांनी जीन्स लोकप्रिय केली असे म्हणण्यापेक्षा त्यांनी ती बदनाम केली आणि बदनामीमुळे ती तरुणांना हवीहवीशी झाली, असे म्हणणे अधिक अचूक आहे. अनेक शाळांनी जीन्सवर बंदी घातली. शाळांच्या बाकांवर मागच्या खिशाच्या रिबिटींचे ओरखडे उठतात ही तक्रार तर त्याआधीपासूनची होती आणि १९३७ पासून त्या रिबिटी कापडाखाली झाकल्या जात होत्या. गिरणीमालक आणि कारखानदार इतके धास्तावले की त्यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर डेनिमची प्रतिमा सुधारण्यासाठी एक मंडळच स्थापन केले. १९५७ मध्ये लेव्ही स्ट्रॉसने जीन्स शाळेसाठी योग्य आहे अशी जाहिरात दिली तेव्हा पालकांची संतप्त पत्रे आली. आज आपण ज्याला बंडखोरीचे प्रतीक म्हणतो, ते विकणारे व्यापारी त्या काळी बंडखोरीला भीत होते.

या इतिहासातला एक भाग फॅशनच्या पुस्तकांत फार कमी येतो, आणि तो मला इथे राहून कळला. १ फेब्रुवारी १९६० रोजी याच ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाद्यकट्ट्यावर जाऊन बसले. ते नीटनेटक्या कपड्यांत गेले होते. एकाच्या अंगावर तर लष्करी प्रशिक्षणाचा गणवेश होता. आपण सभ्य नागरिक आहोत हे पोशाखातून दिसावे, अशी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीची तेव्हाची भूमिका होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जवळच्या राली शहरात विद्यार्थ्यांची ‘स्निक’ ही संघटना स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते मिसिसिपीतल्या खेड्यांत मतदारनोंदणीला जाऊ लागले तेव्हा त्यांनी कोट उतरवले आणि वाटेकरी शेतकऱ्यांसारखी डेनिमची ओव्हरऑल, म्हणजे छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची विजार, घालायला सुरुवात केली. धूळ-चिखलात, तुरुंगात आणि मारहाणीत टिकणारा कपडा म्हणून ती सोयीची होतीच, पण ज्यांच्या दारी जायचे त्यांच्यासारखे दिसण्याचा तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णयही होता. १२ एप्रिल १९६३ रोजी बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनॅथी यांना अटक झाली, तेव्हा तेही सूट सोडून डेनिममध्ये होते. ईस्टरच्या खरेदीवर कृष्णवर्णीयांनी टाकलेल्या बहिष्काराच्या त्या दिवसांत नवे कपडे न घेता कामाचे कपडे घालण्याला वेगळाच अर्थ होता. उत्तरेकडून मदतीला आलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांनी हा पोशाख पाहिला, उचलला आणि आपापल्या विद्यापीठांत नेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पींच्या अंगावर जी जीन्स दिसते, तिच्यामागे गुराख्याइतकाच दक्षिणेतला हा शेतकरी उभा आहे. हे श्रेय त्याला क्वचितच मिळते.

चौकस_सातारकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुरण की युद्ध या वादात माझा कल पाइडमॉन्टची_पाहुणी यांच्याकडे झुकतो आहे, तरी रीनोची कथा मी अनेकांना सांगणार हे नक्की. दोन शंका उरल्या आहेत. बंद पडलेल्या अमेरिकी गिरण्यांचे जुने माग जपान्यांनी विकत नेले आणि म्हणून जपानी डेनिम इतके उत्तम असते, असे ऐकतो. ते खरे आहे काय? आणि जी जीन्स मजुरांची, मग विद्रोहाची झाली, ती महागडी कधी झाली?

धोटा

मागांची गोष्ट तंबूच्या कापडाच्या जातीची आहे. अमेरिकेत धोटाविरहित माग आले तेव्हा जुने ड्रेपर माग बहुतांशी भंगारात गेले. जपानमध्ये किनारीचे डेनिम प्रामुख्याने तिथल्याच टोयोडा मागांवर विणले जाते. हो, मोटारी बनवणाऱ्या टोयोटाचे मूळ घराणे मागांचेच. ओकायामा प्रांतातल्या विणकरांनी जुने, सावकाश चालणारे माग सांभाळून ठेवले आणि त्यांवर थोड्या ओबडधोबड पोताचे कापड जाणीवपूर्वक काढले. इचलकरंजीत धोट्याचे माग टनावर विकले जाताना पाहिलेल्या माणसाला या गोष्टीचा थोडा हेवा वाटतो. अर्थात, किनार असली म्हणजे कापड चांगलेच असते हा गैरसमज आहे. किनार ही मागाची ओळख आहे. कापडाचा दर्जा ठरतो तो सुतावर, रंगणीवर आणि विणीच्या घट्टपणावर.

जुनी_पाने

दुसऱ्या शंकेचे उत्तर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सापडते, आणि त्यात एक भारतीय वंशाचा माणूस आहे. हाँगकाँगस्थित मुरजानी उद्योगाचे मोहन मुरजानी यांनी न्यूयॉर्कच्या अतिश्रीमंत घराण्यातील ग्लोरिया व्हँडरबिल्ट यांचे नाव मागच्या खिशावर भरतकामात उमटवून स्त्रियांसाठी घट्ट बसणारी जीन्स काढली. तोपर्यंत जीन्सवरचे नाव कारखान्याचे असे. आता ते उच्चभ्रू व्यक्तीचे झाले. फॅशन रचनाकार कॅल्विन क्लाइन त्याच वाटेवर होते, आणि १९८० मध्ये पंधरा वर्षांच्या अभिनेत्री ब्रूक शील्ड्सला घेऊन केलेली त्यांची जाहिरात इतकी सूचक ठरली की काही दूरचित्रवाणी केंद्रांनी ती दाखवण्यास नकार दिला. मजुराच्या विजारीचा टिकाऊपणा त्या जाहिरातीत औषधालाही नव्हता.

त्यानंतर झिजलेपणच विकत मिळू लागले. वर्षानुवर्षे अंगावर वापरून जी नक्षी उमटायची, ती प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडांबरोबर यंत्रात धुऊन काही तासांत आणली जाऊ लागली, आणि पुढे वाळूचा मारा करून. वाळूच्या त्या धुळीने कामगारांना फुफ्फुसाचा सिलिकोसिस होतो हे स्पष्ट झाल्यावर तुर्कस्तानने २००९ मध्ये त्या पद्धतीवर बंदी घातली. आपल्याकडेही उल्हासनगरच्या जीन्स-धुलाई कारखान्यांचे रंगीत पाणी वालधुनी नदीला मिळत असे.

शिलाई एव्हाना अमेरिकेबाहेर गेलीच होती. लेव्ही स्ट्रॉसने अमेरिकेतील आपले शेवटचे शिवणकारखाने, सॅन अँटोनियोचे, २००३-०४ च्या सुमारास बंद केले. त्याच्या आधीच, १९९० च्या दशकात, अहमदाबादच्या अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाने न शिवलेल्या जीन्सचा संच, रिबिटी आणि चेनसकट, १९५ रुपयांना गावोगावच्या शिंप्यांमार्फत विकायला काढला होता. ज्यांच्या गावात तयार कपड्यांचे मोठे दुकान नव्हते अशा अनेकांची पहिली जीन्स शिंप्याने मापे घेऊन शिवलेली होती. जेकब डेव्हिसचा व्यवसायही नेमका तोच होता.